रूबेन किस्बीचं सहा मैल पाणी

लॉडनी गावात कुणाचा कुणावर विश्वास नसला तरी रूबेन किस्बीच्या आकड्यावर सगळ्यांचा होता. जुन्या नदीच्या काठाला तीन ठिकाणी लाकडी पट्ट्या ठोकलेल्या होत्या, त्यांवर फूट आणि इंच कोरलेले. एक पट्टी गावाच्या लाकडी पुलाला, दुसरी तीन मैलांवरच्या पंपघराला आणि तिसरी सहा मैलांवरच्या लोखंडी पुलाला. रोज सकाळी रूबेन काठाकाठाने चालत जायचा, तिन्ही पट्ट्यांवर पाणी कुठवर आलंय ते वाचायचा आणि परतताना पंपघरात आकडा सांगायचा. त्या आकड्यावर पंप चालायचे, नदीवरची पाण्याची दारं उघडायची किंवा मिटायची, आणि नदीपेक्षा खोल असलेली आमची सगळी शेतं कोरडी राहायची. एकतीस वर्षांत त्याने एकही आकडा अंदाजाने सांगितला नव्हता. एकदा हिवतापाने फणफणला होता. बायकोने खसखशीच्या बोंडांचा चहा पाजून निजवलं, तर हा पठ्ठ्या अर्ध्या तासात उठून भिंत धरधरत बाहेर पडला. "पाणी काय माझ्यासाठी थांबणारे?" म्हणाला.

अशा माणसाला पृथ्वी गोल आहे हे पटावं तरी कसं? आमच्या फेनच्या, म्हणजे उपसून कोरड्या केलेल्या दलदलीच्या, मुलखात टेकडी औषधालाही नाही. गावातली सगळ्यात उंच जागा म्हणजे चॅपेलची पायरी. आणि नदी कसली, दोनशे वर्षांपूर्वी माणसांनी खणलेला सरळसोट चर तो. सहा मैलांत एक वळण नाही. त्यात आमच्या भागाचं कागदोपत्री नावच मुळी 'लेव्हल'. रूबेनला यापेक्षा जास्त पुरावा नको होता. तरी कुणी डिवचलंच तर तो आपल्या पट्ट्या पुढे करायचा.

"वारा पडला की तिन्ही पट्ट्यांवर पाणी एकाच आकड्याला," तो सांगायचा. "सहा मैलांत इंचभर चढत नाही, इंचभर उतरत नाही. गोल असती तर मधे फुगायला नको? मी रोज बघतो. तुम्ही कधी बघितलंत?"

यावर भलेभले गप्प व्हायचे. केंब्रिजहून बर्फावर घसरायला आलेला एक विद्यार्थी तर टोपी काढून त्याला सलाम करून गेला होता. ही गोष्ट रूबेनने किती जणांना ऐकवली असेल त्याची मोजदाद नाही.

आता गंमत बघा. याच रूबेनची एकुलती एक मुलगी थर्झा गावच्या शाळेत बाई होती, आणि शाळेच्या टेबलावर पृथ्वीचा गोल ठेवून मुलांना तो फिरवून दाखवत होती. घरी बापलेकीचं यावरून रोज वाजायचं, पण ते हसतखेळत. ती त्याला "सपाट बाबा" म्हणायची आणि तो तिला "गोलू". रूबेनची बायको हयात असेपर्यंत मधे पडायची. ती गेल्यावर दोघांना कुणी आवरणारं उरलं नाही, इतकंच.

हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही ते पेव्हरेल नावाचे गृहस्थ लंडनहून आले तेव्हा. त्या वर्षी जानेवारीतच नदी गोठली होती. पेव्हरेल गावोगाव व्याख्यानं देत हिंडायचे. काळा कोट, पितळी दुर्बीण आणि आवाज असा की ऐकणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं. पृथ्वी ताटासारखी सपाट आहे आणि शाळांमधून मुलांना खोटं शिकवलं जातंय, हा त्यांचा विषय. त्यांना बोलावलं होतं जोसाया कटलॅक यांनी. कटलॅक म्हणजे गावातले सगळ्यात मोठे शेतकरी आणि शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांना पृथ्वीशी काही देणंघेणं नव्हतं. बटाटे काढायच्या दिवसांत ते शाळेतली पोरं शेतावर न्यायचे आणि थर्झा हजेरीत प्रत्येकापुढे 'गैरहजर, कटलॅक यांच्या शेतावर' असं सुवाच्य अक्षरात लिहायची. ते अक्षर सरकारी शाळातपासनिसाने वाचल्यापासून कटलॅकना थर्झाबाई डोळ्यांसमोर नको झाल्या होत्या.

शनिवारी संध्याकाळी शाळेच्या खोलीत सगळं गाव दाटीवाटीने बसलं. पुढच्या बाकावर रूबेनचा शेजारी झेब फिच. झेब शेतं पोखरणाऱ्या चिचुंद्र्या पकडायचा, कोटही त्यांच्याच कातड्यांचा, आणि गावात सपाट पृथ्वीचा त्याच्याएवढा कडवा माणूस दुसरा नव्हता. रूबेन निदान पुरावे देत असे, झेब नुसता भांडत असे.

"गलबत समुद्रात दूर जातं तेव्हा काय होतं?" पेव्हरेलनी विचारलं. "लहान होतं. लहान होत होत दिसेनासं होतं. बस्स! ते कुठल्या उतारावरून उतरत नाही."

"मग आधी बूड का जातं आणि शिडं मागून का?" थर्झा भिंतीपाशी उभी राहून म्हणाली. "लहानच व्हायचं तर सगळं एकदम लहान व्हायला हवं."

"लाटांमुळे, बाई, लाटांमुळे!" झेब ओरडला.

"झेबकाका, तुम्ही समुद्र कधी पाहिलात?"

"पाहिला नाही. पण लाटांचं ऐकलंय पुष्कळ."

खोलीत हशा पिकला. झेबही हसला, कारण लोक हसले म्हणजे आपण जिंकलो अशी त्याची समजूत होती.

"बरं, ग्रहणाचं सांगा," थर्झा म्हणाली. "चंद्रावर पृथ्वीची सावली पडते ती दर वेळी गोल का?"

"ताटाचीही सावली गोलच पडते की!" झेबचं उत्तर तयार होतं.

थर्झाने शांतपणे लोकांना वाटायला ठेवलेलं आल्याच्या बिस्किटांचं ताट उचललं, बिस्किटं झेबच्या मांडीवर ओतली आणि रिकामं ताट दिव्यापुढे धरलं. भिंतीवर गोल सावली पडली. मग तिने ताट हळूहळू तिरकं केलं. सावली लांबट झाली, चपटी झाली, शेवटी नुसती काडी उरली. पोरं टाळ्या पिटायला लागली. कटलॅकनी छडी आपटली.

तेव्हा रूबेन उठला. त्याने आपल्या तीन पट्ट्यांचं सगळं सांगितलं, नेहमीसारखंच, घाई न करता. पेव्हरेल तर खुशीने मान डोलवायला लागले. असा साक्षीदार त्यांना उभ्या जन्मात मिळाला नव्हता.

"बाबा, एक विचारू?" थर्झा म्हणाली. "पट्ट्या ठोकल्या तेव्हा तिन्हींवरचा शून्य कसा लावलात?"

"कसा म्हणजे? मी स्वतः होतो तिथे. वारा पडलेली सकाळ धरली, पाणी निपचित. तीन ठिकाणी तीन माणसं, घड्याळं मिळवलेली. बरोबर नऊच्या ठोक्याला पाणी जिथे होतं तिथे तिघांनी खूण केली."

"म्हणजे पाणी असेल तो शून्य?"

"अर्थात!"

"मग पट्ट्या दुसरं सांगणार तरी काय, बाबा? तुम्ही पाण्याला पाण्यानंच मोजलंत. ही नदी उपड्या टोपलीवरून वाहत असती तरी तिन्ही पट्ट्यांवर आकडा एकच आला असता."

रूबेन खाली बसला. लोकांना नीटसं कळलं नाही, पण रूबेन खाली बसला एवढं कळलं, आणि कुजबुज सुरू झाली. रूबेन मात्र रागाने धुमसत होता. राग मुलीचा नव्हता. हा प्रश्न एकतीस वर्षांत आपल्याला का सुचला नाही, याचा होता.

कटलॅक उभे राहिले. "तोंडाची वाफ पुरे. नदी गोठलीये, दुर्बीण आहे, सहा मैल सरळ नजर जाते. येत्या शनिवारी पाहूनच टाकू. पृथ्वी सपाट निघाली तर तो गोळा या शाळेतून जाईल आणि त्याच्याबरोबर बाईही जातील."

"आणि गोल निघाली तर?" थर्झाने विचारलं.

"तर तुम्ही इथेच राहाल आणि मी पुन्हा ब्र काढणार नाही."

समितीने काढलेल्या बाईला दुसरी कुठलीही शाळा दारात उभी करत नसे, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. थर्झाला तर होतंच. तरी ती म्हणाली, "कबूल."

"पंच निःपक्षपाती हवा," पेव्हरेल म्हणाले.

"रूबेन!" झेब गरजला. "आणखी कोण?"

"अहो, तो बाईंचा बाप आहे," पेव्हरेल म्हणाले.

"बाप तिचा असला तरी बाजू आमची घेतो! यापेक्षा निःपक्षपाती माणूस कुठून आणणार?"

पुन्हा हशा झाला, आणि हसता हसता ठरूनही गेलं. थर्झाने मान हलवली. "मला चालतील. त्यांनी आजवर खोटा आकडा सांगितलेला नाही."

तो आठवडा रूबेनला जेवण गेलं नाही. पिठाचे उकडलेले गोळे ताटात तसेच राहायचे. आपल्याच तोंडाने आकडा सांगून मुलीला शाळेतून बाहेर काढायची पाळी आली तर, हा एकच विचार त्याच्या डोक्यात घोळायचा.

"मी तुला मदत करणार नाही हां," शुक्रवारी तो म्हणाला.

"मागितलीय कुणी?" थर्झा म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक गोळा वाढला.

शनिवार उजाडला आणि काय सांगू, अशी गर्दी आमच्या नदीने शर्यतीच्या दिवशीसुद्धा पाहिली नसेल! आजूबाजूच्या सात गावांतून माणसं बुटांना पात्या बांधून घसरत आली. काठावर भट्ट्या पेटल्या, भाजलेले बटाटे, बाम मासा भरून भाजलेली गरम पाई, आल्याचा पाव. बायका पाठीला पोरं बांधून घसरत होत्या. म्हातारे पुढे खुर्ची ढकलत येत होते. थर्झाने शाळेच्या मुलांना लाकडी पुलाखाली रांगेत उभं केलं होतं, आणि थंडीने म्हणा की भीतीने म्हणा, तिचं नाक लालबुंद झालं होतं.

पेव्हरेलनी वेळ घालवला नाही. ते कोटासकट बर्फावर पालथे पडले आणि दुर्बीण बर्फापासून वीतभर उंचीवर ठेवली. सहा मैलांवर लोखंडी पुलाखाली त्यांचा माणूस लाल निशाण बर्फाला टेकवून उभा होता. "दिसलं!" ते ओरडले. "या, बघा! पृथ्वी गोल असती तर हे निशाण माणसाच्या दुप्पट उंचीएवढं खाली बुडालं असतं!"

कटलॅकनी पाहिलं. झेबने पाहिलं आणि टोपी हवेत उडवली. बघता बघता शंभर टोप्या उडाल्या. कुणीतरी कर्णा फुंकला. थर्झाने ओठ दाताखाली धरले होते.

"पंच! पंच!" लोक ओरडले. रूबेन गुडघ्यांवर बसला, मग पालथा झाला आणि काचेला डोळा लावला. निशाण दिसत होतं. पण ते ताणल्यासारखं उंच झालं होतं, थरथरत होतं, आणि त्याच्या डोक्यावर दुसरं निशाण उलटं टांगलेलं होतं. रूबेनने मान वर करून दक्षिणेकडे पाहिलं. दूरच्या इली शहरातलं मोठं चर्च जमिनीपासून सुटून हवेत तरंगत होतं, आणि त्याच्याखाली आभाळाची पातळशी पट्टी होती.

तो उठला. कोटावरचा बर्फ झटकला.

"हे धरायचं नाही," तो म्हणाला.

"काय?"

"आज उचल आहे. बघा ना तिकडे, इलीचं चर्च अधांतरी लटकलंय. कडाक्याच्या सकाळी बर्फालगत नजर वाकते, खालचं वर दिसतं. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे हे. झेब, मागच्या हिवाळ्यात कटलॅकसाहेबांचा बैल तुला घराएवढा दिसला होता की नाही? पळत माझ्याकडे आलास!"

"दिसला होता खरा," झेब पुटपुटला.

"मग बैल घराएवढा झाला होता का? दुपारी वारा सुटेल, उचल मोडेल. तेव्हा उंचावरून बघू. पुलाच्या कठड्यावर दुर्बीण, लोखंडी पुलावर पांढरं कापड आणि त्यावर काळा पट्टा, आणि मधे पंपघरापाशी खांबावर दीड फुटाची लाल तबकडी. तिन्ही पाण्यापासून बरोबर तेरा फूट. सपाट असेल तर तिन्ही एका ओळीत येतील."

पेव्हरेल हसले. "अहो, उंचावरून बघा नाहीतर झोपून बघा, सपाट ते सपाटच राहणार."

ते तयार झाले, लोखंडी पुलावरचं कापड त्यांच्याच माणसाने मोजून लावायचं ठरलं, पण गर्दी बिथरली होती. हातात आलेला विजय काढून घेतला होता ना! मागून कुणीतरी म्हणालं, "लेकीसाठी चाललंय सगळं." फार मोठ्याने नव्हे, पण रूबेनच्या कानावर ते पडलं. एकतीस वर्षांत हे असलं पहिल्यांदा ऐकलं होतं त्याने. खांब आणि मोजकाठी घसरगाडीवर टाकून तो पंपघराकडे निघाला, आणि त्याच्यामागे पहारा म्हणून झेब.

पंपघरापाशी झेबने खांब बर्फात रोवायला घेतला. काठीने बर्फापासून तेरा फूट मोजले. "लाव तबकडी," म्हणाला.

रूबेनने टाचेने बर्फावर ठोकून पाहिलं. आवाज पोकळ आला. "परवा इथलं पाणी पंपाने खाली ओढलंय. बर्फ वर लटकलेला आहे, खाली हवा आहे." त्याने कुऱ्हाडीने भोक पाडलं आणि काठी आत सोडली. पाणी बर्फाच्या नऊ इंच खाली होतं. "तबकडी नऊ इंच खाली घे."

झेबने खांबावरून हात काढला. "गड्या, वर राहिली असती तर थर्झाच्या फायद्याची होती."

"म्हणूनच खाली घे म्हणतोय."

दोघं परत निघाले. नुसता पात्यांचा कर्र कर्र आवाज.

दुपारी पश्चिमेचा वारा सुटला. इलीचं चर्च पुन्हा जमिनीवर बसलं आणि हवा घासलेल्या काचेसारखी लख्ख झाली. लाकडी पुलाच्या कठड्यावर दुर्बीण बसवली. पाण्यापर्यंत दोरी सोडून रूबेनने उंची दोनदा मोजली, पेव्हरेलनी तिसऱ्यांदा. मग रूबेन बाजूला झाला.

"झेब, आधी तू बघ. तू पाहिलंस तर कुणी म्हणायचं नाही की लेकीसाठी पाहिलं."

झेबने छाती पुढे काढली, टोपी मागे सरकवली आणि डोळा लावला. बराच वेळ लावून धरला. मग डोळा काढला आणि म्हणाला, "काच मळलीय." कोटाच्या बाहीने काच पुसली. पुन्हा पाहिलं. त्याचे कान हळूहळू लाल होत गेले. "मला काही नीट दिसत नाही," तो शेवटी म्हणाला. "वय झालं." आणि कुणाकडेही न बघता गर्दीत शिरला.

पेव्हरेलनी पाहिलं. "जवळपास एका ओळीतच आहेत," ते म्हणाले.

"जवळपास म्हणजे?" थर्झाने विचारलं. त्यांनी ऐकलंच नाही. कटलॅकनी पाहिलं आणि आपल्याला नुसते ठिपके दिसतात असं जाहीर केलं.

मग रूबेन वाकला.

काळा पट्टा खाली होता. लाल तबकडी वर होती. नुसती वर नव्हे, चांगली सुटून वर; मधल्या जागेत तशाच दोन तबकड्या सहज मावल्या असत्या. रूबेनने डोळा चोळला, दुसरा डोळा लावला. तबकडी वरच. आणि तो चक्क मोठ्याने हसला. ज्याने आयुष्यात टेकडी पाहिली नव्हती, तो माणूस एकतीस वर्षं पाण्याची टेकडी चढत होता आणि उतरत होता! रोज सकाळी! पंपघरापर्यंत चढ, पुढे उतार, आणि पायांना पत्ता नाही! हरल्याचं दुःख व्हायला हवं होतं, पण त्याला जागच्या जागी नाचावंसं वाटत होतं. आपलं पाणी, रोजचं, हातावरच्या रेषेसारखं ओळखीचं, आणि त्याने एवढी मोठी गोष्ट पोटात लपवून ठेवावी!

"तबकडी वर!" तो ओरडला. "पट्टा खाली! पाच फूट फुगलंय मधे! अरे, माझं पाणी फुगलंय!"

एकच गलका झाला. पोरं किंचाळली, कुणी घंटा बडवली, कुणी बटाटे उडवले. पण तेवढ्यात दुसरी ओरड उठली. "बापानं लेकीसाठी वाचलं!" एकाने म्हटलं, मग दहांनी, मग पन्नासांनी. रूबेनचं हसू ओसरलं.

"दुर्बीण कलली असेल," पेव्हरेल म्हणाले.

"तुमचीच आहे," रूबेन म्हणाला. "पण शंका नको. त्या टोकाला जाऊ आणि उलटं बघू. कलली असेल तर तिकडून उलटं दिसेल. चला!"

आणि दुर्बीण पाठीला बांधून तो निघालासुद्धा! चौपन्न वर्षांचा माणूस, कंबरेत वाकलेला, हात मागे बांधलेले, आमच्याकडची जुनी लांब ढांग. मागे सगळी नदी निघाली. तरणे त्याच्या पुढे जाऊ बघत होते आणि जाता येत नव्हतं. बर्फ गडगडत होता. पंपघरापाशी तबकडीखालून जाताना पोरांनी तिला टोप्या हलवून मुजरा केला. कटलॅक घोड्याच्या घसरगाडीत, पेव्हरेल त्यांच्या शेजारी पांघरुणात, आणि थर्झा मुलांचा लांबलचक साखळदंड ओढत सगळ्यांच्या मागे. सहा मैल अर्ध्या तासाच्या आत संपले.

लोखंडी पुलावर दुर्बीण चढली. मागे थांबलेल्यांनी आता लाकडी पुलावर तितक्याच उंचीवर पांढरं कापड लावून त्यावर काळा पट्टा ओढला होता. या वेळी बघायला रांग लागली. पेव्हरेलनी पाहिलं आणि पडशाचं निमित्त सांगून रुमाल काढला. झेबनेही पाहिलं, पण कुणी विचारायच्या आत बाजूला झाला. शेवटी रूबेन. त्याने पाहिलं, सरळ उभा राहिला आणि पट्टी वाचताना बोलायचा त्याच आवाजात म्हणाला, "तबकडी वर. पट्टा खाली. पाच फूट, दोन-चार इंच इकडेतिकडे. पृथ्वी गोल आहे, आणि मी आजवर सांगत आलो ते चूक होतं."

लोक कटलॅककडे बघायला लागले. कटलॅकनी हातमोजे चढवले.

"रूबेन, तुझा मी मान राखतो," ते म्हणाले. "पण तू बाप आहेस. मुलीचं पोट तिच्या नोकरीवर आहे. तुझ्या जागी मीही हेच वाचलं असतं. सकाळी आम्ही सगळ्यांनी पाहिलं ते तू धरलं नाहीस, आणि आता तू एकटा पाहतोस ते मी धरू? हा आकडा मला मान्य नाही. सोमवारी शाळेवर दुसरी बाई येईल."

रूबेनच्या मुलीची शाळा गेली, आणि तीही आपलाच आकडा कुणी मानला नाही म्हणून गेली. आयुष्यभर ज्या एका गोष्टीच्या जोरावर तो गावात ताठ मानेने चालला होता, ती गोष्ट नेमकी आज कामाची नव्हती, कारण तो तिचा बाप होता. थर्झा त्याच्याजवळ आली आणि तिने त्याचा हात धरला. "असू द्या, बाबा," ती म्हणाली.

"थांबा."

झेब गर्दीतून पुढे आला. टोपी त्याने दोन्ही हातांत धरली होती आणि पिळून पिळून तिचं फडकं केलं होतं.

"मी पाहिलं," तो म्हणाला. "तिथूनही आणि इथूनही. काच मळलेली नव्हती, मी खोटं बोललो. तबकडी वर आहे. आणि खांब रोवताना मी तिथे होतो. बर्फापासून मोजली असती तर नऊ इंच आणखी वर गेली असती. यानं ते नऊ इंच कापले. पोरीच्या विरुद्ध कापले, साहेब, माझ्यासमोर."

"झेब," कटलॅक दरडावून म्हणाले, "तुला कधीपासून बाईंचा पुळका आला?"

"पुळका?" झेबचा आवाज चढला. "मला पृथ्वी सपाट हवी होती, साहेब! अजूनही हवीय! या बाईंनी माझ्या मांडीवर बिस्किटं ओतली, सगळ्या गावानं मला हसून घेतलं. मी कुणाची बाजू कशाला घेऊ?" झेबची बायको लग्नानंतर दोन वर्षांतच गेली होती आणि त्याच्या झोपडीत त्या चिचुंद्र्यांखेरीज कधी कुणी आलं नव्हतं. "मला लेक नाही," तो म्हणाला.

कटलॅकनी झेबकडे पाहिलं, मग रूबेनकडे, मग बर्फावर उभ्या असलेल्या सात गावांकडे. सातही गावं त्यांच्याकडे बघत होती.

"सोमवारी नऊला घंटा वाजवा, बाई," ते शेवटी म्हणाले आणि घसरगाडीकडे वळले.

मग जो काय आरडाओरडा झाला तो दुसऱ्या टोकालाही ऐकू गेला असेल. पोरांनी थर्झाला खुर्चीत बसवून ढकलत गोल गोल फिरवलं. रूबेन मात्र काठावर जाऊन बसला आणि पात्यांचे पट्टे सोडायला लागला. थंडीने त्याची बोटं इतकी आखडली होती की गाठ सुटेना. झेब त्याच्यापुढे बर्फावर गुडघे टेकून बसला आणि एकेक करून दोन्ही पायांचे पट्टे त्याने सोडले.